विश्लेषण : भोईवाड्यातील कांद्याचा भाव, नाशिकचे मत आणि ढाक्याचा ग्राहक… निर्यातबंदीचे राजकारण कुणाला परवडते?

कांद्यावरील निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून शून्य झाले. त्याआधीच्या सुमारे १९ महिन्यांत केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीबाबत किमान सात वेळा निर्णय बदलला. शुल्क लावले, किमान निर्यातमूल्य आणले, बंदी घातली, बंदी वाढवली, मग शुल्कासह उठवली, शुल्क निम्मे केले आणि शेवटी काढून टाकले. या निर्णयांमागे पाऊस आणि उत्पादन होते, तशीच मतांची चिंताही होती. लोकानुनयी राजकारण देशाच्या परराष्ट्र व्यापार धोरणात कसे शिरते आणि त्याची किंमत परळ-भोईवाड्याच्या खानावळीपासून बांगलादेशाच्या सीमेपर्यंत कोण मोजतो, याचा हा आढावा.

१९ महिन्यांत नेमके काय घडले?

१९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागू झाले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. तीन दिवसांत केंद्राने आणखी २ लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटल दराने खरेदी करण्याची घोषणा केली. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले. तरीही शहरांतील भाव खाली येईनात, तेव्हा ८ डिसेंबर २०२३ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यातच बंद करण्यात आली.

३१ मार्चला बंदी आपोआप संपेल, असे शेतकरी आणि निर्यातदार धरून चालले होते. ती संपण्याआधीच, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागल्यानंतरच्या आठवड्यात, पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रात संताप उसळला. मतदानाचे टप्पे नाशिककडे सरकत असताना, ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. मात्र ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम राहिले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, किमान मूल्य रद्द झाले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. शेवटची पायरी १ एप्रिल २०२५ ची.

शुल्क, किमान मूल्य आणि बंदी यांत फरक काय?

निर्यात थांबवण्याची तीन हत्यारे सरकारकडे असतात. शुल्क लावले की माल बाहेर जातो, पण परदेशातील ग्राहकाला महाग पडतो. किमान निर्यातमूल्य ठरवले की त्या दरापेक्षा कमी किमतीचा सौदा करताच येत नाही. बंदीत गोणी बंदरावरूनच परत फिरते. परकीय व्यापार महासंचालनालय १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली अधिसूचना काढते, शुल्काचा निर्णय अर्थ मंत्रालयाचा असतो. त्यासाठी संसदेत चर्चा किंवा राज्याची संमती लागत नाही. सायंकाळी अधिसूचना निघते आणि सकाळी ती लागू असते. कांदा आणि निवडणूक यांची गाठ इतकी घट्ट बसण्याचे एक कारण हा वेगही आहे.

४ मे २०२४ च्या निर्णयाचे गणित पाहा. टनाला ५५० डॉलर म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने किलोला सुमारे ४६ रुपये. त्यावर ४० टक्के शुल्क धरले की तोच कांदा ६४ रुपयांच्या घरात जातो. लासलगावात त्या दिवसांत याच्या निम्म्याहूनही कमी भाव मिळत होता. म्हणजे बंदी कागदावर उठली होती, पण पाकिस्तान किंवा चीनच्या कांद्याशी टक्कर द्यायला माल तयार नव्हता.

भोईवाड्याला याचा संबंध काय?

मुंबईचा कांदा नाशिक, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, साताऱ्याकडून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये येतो आणि तिथून शहरातल्या गल्ल्यांत पसरतो. चार जणांच्या घराला महिन्याला सहा किलो कांदा लागतो असे धरू. भाव ३० वरून ६० रुपये झाला तर खर्च १८० रुपयांनी वाढतो. ज्याचा पगार बरा आहे त्याला ही रक्कम जाणवत नाही. पण केईएम, टाटा आणि वाडिया रुग्णालयांच्या आवारात गावाकडून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांवर चालणाऱ्या खानावळीला रोज दहा किलो कांदा लागत असेल, तर तिचा खर्च दिवसाला ३०० रुपयांनी, म्हणजे महिन्याला नऊ हजारांनी वाढतो. थाळीचा दर लगेच वाढवता येत नाही. मग भाजीतला कांदा कमी होतो, नाहीतर मालकिणीची मिळकत.

गिरणगावात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगाराचा महागाई भत्ता मुंबईच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला होता. बाजार चढला की पगारपत्रकातला एक आकडाही थोडा चढत असे. पूर्ण भरपाई होत नसे, पण झटका एकट्याच्या खिशावर पडत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्यांबरोबर ही जोडणीही तुटली. आज याच भागातला सुरक्षारक्षक, डिलिव्हरी करणारा तरुण किंवा कंत्राटी सफाई कामगार यांचा पगार कांदा महागला म्हणून महिन्याच्या महिन्याला वाढत नाही.

नेमक्या याच जागेत लोकानुनयी निर्णय बसतो. उत्पन्नाची हमी देणे अवघड, खर्चिक आणि वेळखाऊ आहे. कांद्याचा भाव पाडणे एका अधिसूचनेचे काम आहे. आर्थिक सुरक्षेऐवजी स्वस्त कांदा मिळतो आणि त्याचे बिल निर्यात खात्यावर, म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर पडते.

कांद्याला राजकारणी इतके का घाबरतात?

२०१२ या पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार अवघा ०.६४ टक्के होता. म्हणजे महागाईच्या गणितात कांदा लहान आहे, पण मतदाराच्या डोळ्यांत मोठा. तो रोज विकत घ्यावा लागतो, त्याला पर्याय नाही आणि त्याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो.

इतिहासही आहे. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी जनता राजवटीविरुद्ध कांद्याची महागाई प्रचाराचा मुद्दा केली. १९९८ मध्ये दिल्ली आणि राजस्थानात भाजपची सत्ता गेली, त्यात महागड्या कांद्याचा वाटा मोठा मानला जातो. मुंबईत तर त्याआधीच, १९७२ मध्ये, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिलांची आघाडी उभी राहिली. लाटणी घेऊन निघालेल्या त्या मोर्चांनी स्वयंपाकघराचा हिशेब रस्त्यावर आणला. महागाईविरुद्धचा हा राग खरा होता आणि आजही खरा आहे. प्रश्न आहे तो त्या रागावर सरकार कोणते औषध देते, याचा.

शेतकऱ्याचे नुकसान किती?

एका एकरात १०० क्विंटल कांदा निघाला असे धरू. किलोमागे भाव १० रुपयांनी पडला तर त्या एकराचे एक लाख रुपये जातात. शहरातल्या घराचे नुकसान महिन्याला शेकड्यात मोजायचे, शेतकऱ्याचे एका हंगामात लाखात. पण शहरातली घरे कोट्यवधी आहेत आणि कॅमेरे त्यांच्याजवळ आहेत. नुकसान थोडे आणि सगळ्यांचे असेल तर ते बातमी होते. जास्त आणि थोड्यांचे असेल तर ते जिल्ह्याच्या पानावर राहते.

८ डिसेंबर २०२३ च्या बंदीनंतर लासलगावातील घाऊक भाव काही आठवड्यांत जवळपास निम्म्यावर आले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नेमके उलटे चित्र होते. कांदा मातीमोल झाला होता. सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून, हमाली, तोलाई आणि भाडे वजा जाता, अवघ्या २ रुपयांचा धनादेश मिळाला. मार्चमध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईच्या दिशेने चालत निघाले, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला आधी ३०० आणि मग ३५० रुपये अनुदान जाहीर केले.

या दोन प्रसंगांत धोरणाचा कल दिसतो. भाव चढला की काही दिवसांत हस्तक्षेप, भाव कोसळला की मोर्चा निघेपर्यंत प्रतीक्षा. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून हेच मांडले होते. शेतीमालाचा भाव मुद्दाम पाडून शहरे आणि कारखाने स्वस्तात चालवले जातात, शेतकऱ्याला मिळते ती ‘उणे सबसिडी’, असा त्यांचा दावा होता.

भाव पाडल्याचा सगळा लाभ ग्राहकाला मिळतो असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासपत्रानुसार, ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातील सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेले वाहतूक, सड, हाताळणी, अडत आणि किरकोळ विक्रीत जातात. बंदीने पहिला भाग पिळला जातो, दुसरा तसाच राहतो.

भोईवाड्यासारख्या वस्तीत ही रेघ कुटुंबाच्या मधूनही जाते. गिरणगावात सातारा, पुणे जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांचे गावाशी नाते तुटलेले नाही. साताऱ्यातले लोणंद आणि पुण्यातले चाकण, मंचर ही कांद्याची नावाजलेली मार्केट. एक भाऊ परळला कांदा विकत घेतो, दुसरा गावाला पिकवतो. बंदीने पहिल्याचे दीडशे रुपये वाचतात आणि दुसऱ्याचे कर्ज थकते. ते फेडायला पैसे पुन्हा मुंबईहूनच जातात.

सरकारची बाजू काय?

२०२३ चा निर्णय निव्वळ मतांसाठी होता, असे म्हणणे अपुरे ठरेल. त्या वर्षी ऑगस्ट शतकभरातला सर्वांत कोरडा ठरला. २०२२-२३ मध्ये सुमारे ३०२ लाख टन असलेले कांदा उत्पादन २०२३-२४ मध्ये २४२ लाख टनांपर्यंत घसरले. माल कमी असताना निर्यात मोकळी ठेवली तर शहरातला गरीब भरडला जातो, ही भीती खोटी नव्हती. सरकारने राखीव साठाही केला आणि तो सवलतीच्या दराने विकला. ऑगस्ट २०२३ मध्ये २५ रुपये किलोने, तर सप्टेंबर २०२४ मध्ये ३५ रुपयांनी. लासलगावहून रेल्वेने दिल्लीला कांदा पाठवण्यात आला.

जागतिक व्यापार संघटनेचे नियमही अन्नटंचाईच्या काळात तात्पुरत्या निर्यातबंदीला मुभा देतात. मग लोकानुनय कुठे सुरू होतो? तर जिथे बंदीला आधी ठरलेला निकष नसतो, शेवटची तारीख पाळली जात नाही आणि हिशेबात फक्त एकच बाजू धरली जाते, तिथे. किती भावाला शुल्क लागेल आणि किती भावाला उठेल, हे शेतकऱ्याला कांदा लावताना, निर्यातदाराला करार करताना आणि परदेशातील ग्राहकाला मागणी नोंदवताना माहीत नसते.

कांदा कच्चा माल नाही, पण वेळेचा माल आहे. देशाच्या उत्पादनातील दोन तृतीयांशाच्या आसपास रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा असतो. तो मार्च ते मेमध्ये निघतो आणि चाळीत ठेवून ऑक्टोबरपर्यंत विकला जातो. साठवलेला कांदा वजनाने घटतो, सडतो, कोंब धरतो. चार महिने थांबलेल्या शेतकऱ्याच्या हाती भाव यायच्या वेळेलाच अधिसूचना निघाली, तर साठवणुकीचा खर्च आणि घट दोन्ही त्याच्या अंगावर पडतात.

शेजारी देश काय करतात?

भारताच्या कांद्यावर बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ यांची स्वयंपाकघरे अवलंबून राहिली. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने अचानक बंदी घातली. काही दिवसांतच तेव्हाच्या बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती, आपण आचाऱ्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितले आहे, असे त्यांनी हसत हसत सुनावले. त्या नोव्हेंबरमध्ये ढाक्यात कांदा २५० टकांवर गेला आणि बांगलादेशाला तो विमानाने आणावा लागला. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली आणि कांद्याचे ट्रक सीमेवर अडकले.

असा अनुभव दोनदा आला की ग्राहक दुसरे दुकान शोधतो. बांगलादेशाने पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, म्यानमार असे पर्याय चाचपले आणि स्वतःचे उत्पादन वाढवण्यावर भर दिला. आपल्या शेतकऱ्याचा माल बाजारात असताना तो आता आयात परवानेच रोखतो. म्हणजे आपल्याकडे शहरी ग्राहकासाठी निर्यात थांबते, तिकडे स्वतःच्या शेतकऱ्यासाठी आयात थांबते. दोन्ही सरकारांना आपापले मतदार आहेत आणि दोन्ही वेळा मधे सापडतो तो नाशिकचा उत्पादक.

आकडे बोलके आहेत. २०२२-२३ मध्ये भारताची कांदा निर्यात सुमारे २५ लाख टन होती. २०२३-२४ मध्ये ती १७ लाख टनांवर आली. २०२४-२५ मध्ये १८ मार्चपर्यंत ती ११.६५ लाख टन होती. बंदी तर मे २०२४ मध्येच उठली होती. दार उघडले म्हणून ग्राहक परत येतोच असे नाही.

बंदीच्या काळात व्यापार मेहेरबानी कसा बनतो?

निर्यातबंदी असतानाही कांदा बाहेर गेला. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशाला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन देण्याचे ठरले. एप्रिलअखेर सहा देशांसाठी एकूण ९९,१५० टनांची परवानगी जाहीर झाली : बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका. हा माल सरकारी पुढाकाराने स्थापन झालेल्या नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेडमार्फत पाठवायचा होता.

शेजाऱ्याची नड भागवणे ही चांगली मुत्सद्देगिरी आहे. पण त्यात एक बदल लपलेला आहे. आधी व्यापारी-व्यापारी ठरवत ते आता सरकार-सरकार ठरवते. कोणत्या देशाला किती, हा व्यापाराचा नव्हे तर मर्जीचा प्रश्न बनतो. जो माल मर्जीवर मिळतो, त्याच्यावर कोणताही देश स्वतःची अन्नसुरक्षा उभी करत नाही.

जगात असे आणखी कुठे झाले?

१९७३ मध्ये अमेरिकेत महागाई भडकली. अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने जूनमध्ये सोयाबीनच्या निर्यातीवर निर्बंध घातले. ते काही महिन्यांत उठले, पण सोयाबीनसाठी अमेरिकेवर विसंबलेला जपान हादरला होता. त्याने ब्राझीलच्या सेराडो भागातील शेतीविकासात पैसा आणि तंत्रज्ञान ओतले. पुढे ब्राझील सोयाबीन निर्यातीत अमेरिकेचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी बनला.

अर्जेंटिनाने २००६ मध्ये घरगुती भाव रोखण्यासाठी गोमांसाची निर्यात थांबवली. भाव काही काळ आटोक्यात राहिले, पण जनावरे पाळणे परवडेनासे झाल्याने पुढच्या वर्षांत गुरांची संख्याच घटली. इंडोनेशियाने एप्रिल २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात बंद केली आणि शेतकऱ्यांच्या निदर्शनांनंतर महिन्याच्या आत उठवली. भारतानेही मे २०२२ मध्ये गहू आणि जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात रोखली. डावे असो वा उजवे, घरचा भाव पाडण्याचा मोह सरकारांना सारखाच होतो.

मतपेटीत काय दिसले?

२० मे २०२४ रोजी एकाच दिवशी मुंबई, नाशिक आणि दिंडोरीत मतदान झाले. कांदा विकत घेणारा आणि पिकवणारा एकाच दिवशी रांगेत होता. दिंडोरीत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या, नाशिकची जागाही महायुतीने गमावली. पराभवाला इतर कारणेही होती. पण कांद्याचा फटका बसल्याचे महायुतीच्या नेत्यांनीच नंतर मान्य केले आणि चारच महिन्यांत शुल्क निम्मे झाले. म्हणजे लोकानुनयाने आता फक्त बाजू बदलली : आधी खाणाऱ्याच्या मतासाठी निर्णय, मग पिकवणाऱ्याच्या. नियम मात्र अजूनही नाही.

मग पर्याय काय?

पहिला, आधी जाहीर केलेला निकष. घाऊक भाव ठरावीक पातळीवर गेला तर इतके शुल्क, खाली आला तर शून्य, असे टप्पे हंगामापूर्वी ठरवता येतात. बंदी हा शेवटचा उपाय राहावा आणि बंदरावर पोहोचलेल्या, करार झालेल्या मालाला तिच्यातून सूट मिळावी.

दुसरा, साठवण. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. विकिरणाने कांद्याला कोंब येत नाहीत, पण त्याला शीतसाखळीची जोड लागते. रब्बीचा कांदा जितका टिकेल तितकी सप्टेंबर-ऑक्टोबरची टंचाई कमी होईल.

तिसरा, गरजू ग्राहकाला थेट मदत. भाव चढल्यावर सवलतीचा कांदा परळ, लालबाग, शिवडीसारख्या कामगार वस्त्यांत रेशन दुकानांतून आणि खानावळींपर्यंत पोहोचला, तर त्यासाठी सगळ्या देशाची निर्यात थांबवावी लागणार नाही. खर्च सरकारी तिजोरीतून होईल आणि तो अर्थसंकल्पात दिसेल. आज तोच खर्च शेतकरी करतो, म्हणून तो कुठेच दिसत नाही.

चौथा पर्याय कांद्याच्या बाहेरचा आहे. ज्या कामगाराचा पगार महागाईबरोबर हलतो, त्याला कांद्याची अधिसूचना लागत नाही. गिरणगावाकडे अशी व्यवस्था एकेकाळी होती.

पुढे काय पाहायचे?

पुढच्या वेळी कांदा महागला आणि निर्यातीबाबत निर्णय झाला, की वाचकाने तीन गोष्टी तपासाव्यात. निर्णयाला शेवटची तारीख आहे का? भाव पडला तर काय, हेही त्यात लिहिले आहे का? आणि त्या महिन्यात निवडणूक कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोघांपेक्षा आधी सापडले, तर तो निर्णय कांद्याबद्दल कमी आणि मतांबद्दल जास्त आहे, असे समजायला हरकत नाही.